गेटवरचं रजिस्टर

मुरारीभाऊंनी आमच्या चाकणच्या कंपनीची बस एकोणीस वर्षं चालवली. पिंपळे सौदागर, भोसरी, मोशी करत बेचाळीस माणसं पहिल्या शिफ्टला वेळेवर पोचवायची. भोसरीच्या सुमनताईंना चालताना धाप लागायची, म्हणून बस त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी थांबायची. कुणी कुरकुर केली की भाऊ बोलायचे नाहीत, आरशातून नुसतं बघायचे. कुरकुर बंद.

गेल्या वर्षी ती बसच बंद केली. का, तर कंपनीला कार्बन कमी करायचा होता. बसचं डिझेल कंपनीच्या हिशेबात धरलं होतं, कामगारांच्या मोटारसायकलींचं पेट्रोल धरलंच नव्हतं. झालं. बस गेली, अडतीस मोटारसायकली आल्या आणि कंपनीला हरित उद्योगाची ट्रॉफी मिळाली. मला त्या ट्रॉफीची शिसारी येते. सुमनताईंना दोन रिक्षा बदलून सातची शिफ्ट गाठणं जमेना, त्यांनी नोकरी सोडली. भाऊंना गेटवर बसवलं, आत येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायला.

भाऊंनी एकाही गाडीची नोंद चुकवली नाही. नंबरापुढे गाव लिहायचे आणि गावावरून तेल किती जळालं ते.

खंडेनवमीला आमच्याकडे जो तो आपापल्या हत्याराची पूजा करतो. पाने, मीटर, मशिनी, सगळ्यांना झेंडू. यंदा एचआरच्या हर्षाली मॅडमनी मधोमध ती ट्रॉफी मांडली. भाऊंनी तिच्या शेजारी रजिस्टर ठेवलं.

"हे कशाला, भाऊ?" मॅडमनी विचारलं.

"आता आमचं हत्यार ह्येच हाय. कुंकू लावा आन् शेवटचं पान बगा. बस रोज चौदा लिटर डिझेल खायची. आता तीच माणसं तीस लिटर पेट्रोल जाळत्यात. धूर कमी झाला न्हाई मॅडम, निस्ता तुमच्या कागदावरनं उठून आमच्या नाकात गेला. बस सुरू करा. सुमनताईबी परत येतील."

मॅडमनी ते पान शेवटपर्यंत वाचलं. "वर कळवते," म्हणाल्या.

कळवलंही. दसऱ्यानंतरच्या सोमवारी नोटीस लागली. दुचाक्या गेटच्या बाहेर लावाव्यात, त्यांची नोंद ठेवू नये. चोर तो चोर, वर शिरजोर.

आणि आम्ही अडतीस जणांनी काय केलं? रस्त्याच्या कडेला मुकाट ओळीने गाड्या लावल्या. ज्या माणसाने आम्हाला एकोणीस वर्षं वेळेवर पोचवलं, त्याच्यासाठी एकाचंही तोंड उघडलं नाही. कंपनीपेक्षा मला स्वतःचा राग जास्त येतो.

किल्ली खिशात टाकून मी गेटमधून आत शिरलो. टेबलावर आता फक्त ट्रकांचं रजिस्टर होतं. "नोटिशीत लिहिलंय ना, भाऊ," मी म्हणालो.

बसच्या आरशातून बघायचे, तसं भाऊंनी नुसतं बघितलं.