एकाच चेहऱ्याचे दोन फोटो

माझी धाकटी बहीण प्राध्यापक आहे. कुठल्या ऑफिसात कुठल्या रंगाच्या माणसांना घेतात आणि कुणाला दारातूनच परत पाठवतात, हा तिचा अभ्यास. मी चिडवायचो, "हे तर आंधळ्यालाही दिसतं. त्यात काय अभ्यास करायचा?" ती म्हणायची, "दादा, दिसतं सगळ्यांना. मान्य कोण करतो?" पहिल्यापासून भांडकुदळ. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीहून अर्ध्या तासात घरी आली होती. साहेबाशी वाद घातला असणार, असं मी आजवर सगळ्यांना रंगवून सांगत आलो.

यंदा मात्र तिचं माझ्यावाचून अडलं. माझा फोटो स्टुडिओ आहे. तिच्या एका विद्यार्थिनीचे दोन फोटो हवे होते, एक आहे तसा सावळा, एक उजळ केलेला. अर्ज तोच, फक्त निम्म्या ऑफिसांना हा फोटो, निम्म्यांना तो. चारशे अर्ज गेले. उजळ फोटोला एकशे बारा बोलावणी आली, सावळ्याला एकोणचाळीस. आणि दारावर पाट्या काय, तर सर्वांना समान संधी! मी हबकलो. दिवसभर गिऱ्हाइकांपुढे त्या ऑफिसांच्या नावाने बोटं मोडत होतो.

संध्याकाळी ती त्या मुलीला घेऊन दुकानात आली. सावळा फोटो तिने मुलीच्या गालाशी धरला.

"दादा, आहे तसा म्हणजे हाच ना?"

मी पाहिलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. फोटोतली मुलगी समोरच्या मुलीपेक्षा चांगलीच गोरी होती. वीस वर्षांची सवय. चेहरा आला की हात आपोआप तो उजळ करतो, कुणी न सांगता.

"तुझं सगळं काम पाण्यात घातलं का गं मी?"

"पुन्हा करावं लागेल." ती खुर्चीत बसली. "माझा पहिल्या अर्जाचा फोटो तूच काढला होतास. साहेबाने तो पाहिला, मग मला पाहिलं आणि विचारलं, अर्ज कुणाचा आणलाय? मी काही बोललेच नाही रे. उठून आले."

मला शरमेने मान वर करवेना. तिचा तोच फोटो दुकानाच्या काचेत लावलेला आहे. नव्या गिऱ्हाइकाला मी तो बोटाने दाखवतो आणि म्हणतो, असा काढून देईन.