हिरवी दारू आणि देवाचा दवणा

जर्मन लढाईत फ्रान्स बघून आलेला वेल्ह्याकडचा एक शिपाई लढाईबद्दल अवाक्षर काढत नसे. भोरच्या बाजारात बसून तो सांगे फक्त तिथल्या हिरव्या दारूचा इतिहास. ती आधी औषध होती, मग फौजेला तापावर देऊ लागले, मग कवी-चित्रकारांना ती ताप नसतानाही लागू पडली. शेवटी माणसं वेडी होतात म्हणून सरकारनं बंद केली.

तीच दारू तो इथं करी. गुत्त्यातल्या दारूत दवणा आणि बडीशेप भिजवायची, पेल्यावर झारा धरायचा, त्यावर गुळाचा खडा आणि वरून थेंब थेंब पाणी. दारू दुधाळ झाली की तो असा बघे, जणू अख्खं फ्रान्स त्या पेल्यात उतरलंय. गिऱ्हाईक मात्र वास घेई, दवणा देवाचा म्हणून हात जोडी आणि पेला न उचलताच पुढं जाई. मी एकदा प्यालो. सर्दीचा काढा बरा.

मी संस्थानच्या कचेरीत कारकून आहे हे कळल्यावर तो जवळ सरकला.

"रावसाहेब, हिच्यावर तेवढी बंदी आना की."

"अहो, मग विकणार काय?"

"तितं बंद झाली तवापासनं भली भली मानसं तिच्या नावानं रडत्यात. हितं उघडी हाय, तर कुत्रं इचारत न्हाई."

मी ते आमच्या साहेबांच्या कानावर घातलं. त्यांनी नमुना मागवला, एक घोट घेतला, बराच वेळ तोंड पुसलं.

"बंद कशाला करता?" ते म्हणाले. "चालू द्या. लोकांची दारू सुटेल."