एक निरोगी नाक पाहिजे

चेहरा सोडून थेट माणसाच्या नाकात पाहणारा गृहस्थ मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्याच घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होता. ते डॉक्टर होते, पण दवाखाना नव्हता. एका कॉलेजात पॅथॉलॉजी शिकवत. एकटेच. सामान म्हणजे एक पेटी, एक स्टोव्ह आणि एक सूक्ष्मदर्शक. ते खोली पाहायला आले तेव्हा मी माझ्या सवयीप्रमाणे अटी कागदावर लिहून तयार ठेवल्या होत्या: पाणी कधी येतं, फाटक कधी लागतं, कपडे कुठे वाळत घालायचे. त्यांनी एकही वाचली नाही. नळ पाहिला नाही, मोरी पाहिली नाही. खिशातून संत्र्याची साल काढली, "डोळे मिटा, बाई," म्हणाले आणि ती माझ्या नाकाखाली धरली. मी म्हटलं, संत्रं. "नाक उत्तम आहे," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी राहायला आले.

नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, नाकं राहत. पोस्टमन म्हणजे 'डावीकडे हाड वाकलेला', आमचा दूधवाला 'बारमाही सर्दी'. किराणा दुकानात हिंगाची पुडी घ्यायला गेले तर आधी दुकानदाराचे डोळे मिटवून त्यालाच तिचा वास घ्यायला लावत. मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली. एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या म्हाताऱ्याला मठ्ठ्याचा वास आला नाही, तर हे जेवण सोडून त्याच्या घरच्यांना शोधत मांडवभर फिरले. नवरदेवाच्या काकांना वाटलं, म्हाताऱ्याला काही झालं. मोठा गोंधळ उडाला. त्यानंतर आमच्या गल्लीत त्यांना लग्नाच्या पत्रिका येणं जवळपास बंद झालं. ते त्यांच्या लक्षात आलं की नाही, मला सांगता येणार नाही.

हे सगळं कशासाठी, ते मी एकदा सरळ विचारलं. मला अर्धवट माहिती आवडत नाही. ते म्हणाले, मेंदूचे आजार माणूस जिवंत असताना पाहायचे कसे? कवटी कोण उघडू देणार? पण नाकात अगदी वर, जिथे वास कळतो, तिथल्या पेशी मेंदूच्याच गोतावळ्यातल्या. "मेंदू म्हणजे आतली खोली, बाई. तिथं कोणी जाऊ देत नाही. पण नाक ओसरी आहे. ओसरीवर बसलं तरी घरातलं भांडण ऐकू येतेच ना?" मग स्टोव्हची वात खालीवर करत म्हणाले, त्यांची आई आधी वास विसरली, वरण करपलं तरी तिला कळेना, आणि मग त्यांना विसरली.

नाक बधिर करून बारीक ब्रश फिरवायचा, तो काचेवर टेकवायचा, एवढंच काम. आजारी माणसांचे नातेवाईक आशेने तयार होत. अडचण निरोगी नाकांची होती. तुलनेला ती हवीतच, आणि ती कोणी देईना. समोरच्या घरच्या बाईंनी दारातूनच सांगितलं, "माझी पोर लग्नाची आहे जी. घरी मेंदू तपासून राहिले असा बोभाटा झाला, तर कोण करीन तिले?" कॉलेजातले लोक त्यांना पाहून नाकाला रुमाल लावत. शेवटी डॉक्टर निरोगी म्हणून स्वतःचंच नाक वापरू लागले. आरशासमोर बसून दर काही आठवड्यांनी स्वतःलाच ब्रश लावत. वरून शिंकांचा आवाज आला की मी समजे, काम चालू आहे.

एका हिवाळ्यात सकाळी वरून जळक्या दुधाचा वास आला. मी वर गेले. स्टोव्हवर पातेलं काळंठिक्कर पडलेलं, आणि हे पाठमोरे वाचत बसलेले. मी स्टोव्ह बंद केला तेव्हा त्यांनी मान वर केली. पातेल्यावर वाकून हुंगून पाहिलं.

"मले वास येऊन नाही राहिला, बाई," ते म्हणाले. "निरोगी म्हणून माझंच नाक इतकं खरवडलं, की आता वास खरवडण्यानं गेला की आईसारखा गेला, हेच कळत नाही. ताडून पाहाले दुसरं नाक नाही."

मी विचारलं, इतकी वर्षं खाली मी आहे, मला का नाही विचारलं?

"तुम्ही नाही म्हटलं असतं, तर मग वर राहाचं कसं?"

मी लगेच खुर्ची ओढून बसले. नाकात थेंब पडले, ब्रश फिरला, सात पिढ्यांच्या शिंका आल्या. पण एका नाकावरून काही ठरत नाही म्हणाले. मग मी माझ्या पद्धतीने काम हाती घेतलं. गल्लीतल्या कोणाला कधी बोलवायचं ते ठरवलं आणि रविवारी तर्री-पोहे केले. पोह्यांच्या आधी नाक, अशी अट घातली. समोरच्या बाई सगळ्यांत शेवटी आल्या, पदर तोंडावर धरून, पण आल्या. जिन्यावर रांग लागली. डॉक्टर धुतलेला शर्ट घालून एकेकाचं नाक पाहत होते आणि प्रत्येकाला "उत्तम" म्हणत होते. त्यांच्या खोलीत इतकी माणसं मी त्याआधी कधी पाहिली नव्हती, त्यानंतरही नाही.

निकाल त्यांनी सांगितला नाही. दोन-तीन दिवस सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले, मग तो पुसून पेटीत ठेवला. एका संध्याकाळी खाली आले, संत्र्याची साल माझ्या हातात दिली आणि म्हणाले, वास कसा आहे तो सांगा. मला असलं वर्णन जमत नाही. आंबटगोड म्हटलं, थोडा झोंबणारा म्हटलं, आणि थांबले. तेवढ्यावरही ते मान डोलवत राहिले.

पुढे त्यांची बहीण त्यांना पारशिवनीला घेऊन गेली. मृग बहाराची संत्री बाजारात आली तेव्हा मी पिशवी भरून भेटायला गेले. बहिणीने माझं नाव मोठ्याने सांगितलं, नागपूर सांगितलं, वरची खोली सांगितली. ते सभ्यपणे हसले. मी एक संत्रं सोलून फोडी त्यांच्यापुढे ठेवल्या. फोडी त्यांनी तशाच राहू दिल्या, साल उचलली आणि म्हणाले, "डोळे मिटा."

मी मिटले.

"कशाचा वास येते?"

"संत्र्याचा."

ते जवळ वाकले. त्यांचा श्वास कपाळाला लागत होता. "माणूस नाही आठवत," ते हळूच म्हणाले, "पण हे नाक माझ्या पाहण्यातलं आहे."

मी डोळे उघडायची घाई केली नाही.