व्हायोलाच्या वाट्याची चाल

व्हिएन्नात गुरुवारी संध्याकाळी कुणाच्या तरी दिवाणखान्यात चौघं जमून वाजवत, आणि त्या चौघांत व्हायोला, म्हणजे व्हायोलिनची थोरली, खालच्या आवाजाची बहीण, वाजवणाऱ्याला कुणी मोजत नसे. व्हायोला वाजवत हातमोजे शिवणारे ओट्टोकार ह्राडिल, आणि त्यांची त्याबद्दल तक्रार नव्हती. बायको गेल्यापासून आठवडाभर त्यांच्यापुढे यायचे ते गिऱ्हाइकांचे पंजे. अख्खी माणसं भेटत ती गुरुवारीच, दंतवैद्य डॉक्टर वेसेलींच्या घरी.

घोळ झाला तो डॉक्टरांनी नव्या तऱ्हेची एक रचना आणली तेव्हा. सगळे सूर एका घरात नांदणाऱ्या जावांसारखे, एकमेकींशी अबोला धरून! पण मध्येच व्हायोलाला एक चाल होती, अंगाईसारखी मऊ.

"ह्राडिल, पुढच्या गुरुवारी न अडखळता शेवट गाठायचा," डॉक्टर म्हणाले. "नाहीतर माझ्या पुतण्याला बसवू. रागावू नका हं."

ह्राडिल घरी चाल घोटू लागले. जिथे फक्त बाकी तिघांनी वाजवायचं, तिथे ते मनात मात्रा मोजत थांबत. खालची शेजारीण ओरडे, "अहो, वाजवा तरी नाहीतर झोपा तरी! मध्येच मेल्यासारखे काय थांबता?"

गुरुवारी ते चालीत इतके रमले, की तिच्या शेवटच्या सुरावर जरा रेंगाळले. तिथून तिघं पुढे, हे मागे. त्या संगीतात ते कुणाला कळलंही नाही! तिघांचे गज खाली आले. "जमलं!" डॉक्टर उठलेच. ह्राडिलांचे मात्र दोन-चार सूर उरले होते. गप्प बसते तर गुरुवार वाचला असता. पण अंगठा न शिवता हातमोजा कुणाला द्यायचा तरी कसा? त्यांनी ते सूर वाजवले.

"अगंबाई, हे कुठून आले?" चेलो वाजवणाऱ्या वकिलीणबाई हसल्या.

डॉक्टर हसले नाहीत. "कधीपासून मागे होतात?"

"चालीपासून," ह्राडिल म्हणाले.

पुढच्या गुरुवारी पुतण्या बसला. ह्राडिलांना आग्रहाने कॉफीला बोलावलं होतं. ते कोचावर बशी सांभाळत बसले. चाल आली. तिच्याखाली बाकीचे तिघं इतकं काही बोलत होते, एकमेकांत गुंतत होते, तिला अलगद झेलत होते. मात्रा मोजण्याच्या नादात ह्राडिलांनी ते कधी ऐकलंच नव्हतं.

"कसा काय वाजवतो आमचा पोरगा?" डॉक्टरांनी विचारलं.

"छान," ह्राडिल म्हणाले. "जरा घाई करतो, एवढंच."