‘बोगदा’चा तिसरा टेक

“हात सांभाळ रे. ह्या बँडमध्ये ड्रमरचा हात टिकत न्हाई,” विन्या म्हणाला आणि चहाच्या कपात बघून हसला.

तो हे रोहनला, आमच्या नव्या ड्रमरला सांगत होता. रोहनही हसला. नव्या माणसाची थट्टा चाललीय असं त्याला वाटलं असणार. मी त्यांच्याकडे पाठ करून भिंतीला गाद्या टेकवत होते, आवाज घुमू नये म्हणून. माझ्या हातातली गादी सुटली.

ह्या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी दोन-तीन वर्षं वाचते आहे, पण कधी कमेंटसुद्धा केली नाही. खरं सांगायचं तर निम्मे मी हसायलाच वाचायचे. मला अंधाराची भीती वाटत नाही, माणसांची वाटते... शाळा इंग्लिश मीडियम, तेव्हा मराठीत चुकलं तर सांभाळून घ्या. नावं बदलली आहेत. जागा खऱ्या आहेत.

आम्ही रामनगरचे. बेळगावहून गोव्याला जाताना लागतं ते, ट्रकांच्या रांगांचं रामनगर. महेश माझा मोठा भाऊ, त्याचा रॉक बँड. तो गिटार वाजवतो आणि गातो, विन्या बेस वाजवतो. रेकॉर्डिंग माझ्याकडे. कॉलेजात असताना एका स्टुडिओत ते शिकले. शिवाय कानावर हेडफोन असले की कोणी आपल्याशी बोलायला येत नाही.

बँडचं एकच गाणं चाललं — ‘बोगदा’. कॅसलरॉकच्या पुढे घाटात आगगाडी एका बोगद्यातून निघून दुसऱ्यात शिरते, त्यावरचं. त्यातला ड्रमचा ठेका सगळ्यांना गाडीच्या चाकांचा वाटायचा. तो होता सोमाच्या गावच्या शिमग्यातल्या ढोलाचा. सोमा आमचा पहिला ड्रमर, जोयड्याच्या आतल्या डोंगरातला. त्याच्या घराण्यात एक रीत होती. ढोलाची काठी वाजवणाऱ्यानं पुढच्याच्या हातात स्वतः द्यायची. ठेवलेली काठी आपण होऊन उचलायची नाही, तिसऱ्यानं तर मध्ये पडायचंच नाही. ड्रमच्या काठ्यांनाही तो हीच रीत लावायचा. विन्यानं गंमत म्हणून उचलल्या की काढून घ्यायचा आणि मग स्वतःच्या हातानं द्यायचा. “आता वाजव लेका, फुटेपर्यंत वाजव.”

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी आम्ही दांडेलीहून कार्यक्रम करून परत येत होतो. विन्या पुढे बाइकवर गेला होता. आमच्या व्हॅनमध्ये दादा, सोमा आणि मागच्या सीटवर मी. सोमा म्हणत होता, गाण्याखाली लिही की ठेका माझ्या गावचा आहे. दादा म्हणाला, “ठेका काय तुझ्या आज्ज्यानं विकत घेतलाय व्हय?” सोमा म्हणाला, “व्हय. आज्ज्यानंच दिलाय.”

जगलबेटच्या अलीकडे दादानं गाडी थांबवली. वळसा घालून आला, दार उघडलं आणि सोमाला कॉलर धरून बाहेर ओढलं. सोमानं उजव्या हातानं दाराची चौकट धरली होती. दादानं दार आपटलं. सोमा ओरडला. दादानं दार उघडलं आणि परत आपटलं.

एकदाच आपटलं असतं तर मीही त्याला अपघात म्हटलं असतं.

घरी दादानं सांगितलं, उतारावर दार आपोआप लागलं. आईनं मला विचारलं, “तू बघितलीस गे?” मी म्हणाले, मला झोप लागली होती. सोमाच्या दोन बोटांचा चुरा झाला होता, ड्रम कायमचा सुटला. दादानं हॉस्पिटलचं सगळं केलं म्हणून त्याच्या घरचे उलट हात जोडून गेले. सोमा कोणालाच काही बोलला नाही. माझ्याकडे मात्र एकदा बघितलं त्यानं. मी सांगेन म्हणून थांबला असेल... माहीत नाही.

आता यंदाचं सांगते. एका वेब सिरीजला ‘बोगदा’ हवं होतं. मूळ रेकॉर्डिंग ज्याच्याकडे होतं तो वापरू देईना. म्हणून ठरलं की नवा ड्रमर घेऊन तेच गाणं परत रेकॉर्ड करायचं, अगदी जसंच्या तसं. रामनगरात ट्रकचे हॉर्न थांबत नाहीत, म्हणून गणेशगुडीला एका ओळखीच्या काकांच्या होमस्टेत आलो. जेवणाचा हॉल रिकामा केला, खोल्यांतल्या गाद्या काढून भिंतींना लावल्या. बाहेर लख्ख ऊन होतं. नदीवरून राफ्टिंगवाल्यांच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या.

पहिला टेक दादाला आवडला नाही. “लई स्वच्छ वाजवालास रे. सोमा जरा मागं रेंगाळायचा. तसं पाहिजे.”

रोहन बेळगावचा, क्लासमध्ये शिकलेला, अगदी घड्याळासारखा वाजवणारा. त्यानं दुसरा टेक दिला. त्यात त्याची एक काठी चिरली. जादा जोडी तो बेळगावात विसरून आला होता.

“ड्रमच्या बॅगच्या खिशात सोमाच्या हायत की अजून,” दादा मला म्हणाला. “दे काढून.”

मला रीत माहीत होती. ह्या काठ्या मी द्यायच्या नाहीत, हे त्या खोलीत माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. मी खिशाची चेन उघडली. मुठीपाशी काळी चिकटपट्टी गुंडाळलेल्या त्या दोन काठ्या काढल्या आणि रोहनच्या हातात दिल्या. कारण ‘नको’ म्हटलं असतं तर ‘का’ विचारलं असतं.

तिसरा टेक.

पहिलं कडवं ठीक गेलं. दुसऱ्या कडव्यात रोहन मागे रेंगाळायला लागला. हेडफोनमध्ये मला तो सोमाच वाटला. नक्कल म्हणतात तसं नव्हतं, प्रत्येक ठोक्याआधी सोमा जो श्वास घ्यायचा तोसुद्धा होता त्यात. दादानं गाता गाता खुशीत मान डोलावली. गाणं संपलं. दादा थांबला, विन्या थांबला. मी क्लिक, म्हणजे ताल धरायला हेडफोनमध्ये लावलेली टिकटिक, बंद केला.

रोहन थांबला नाही.

ठेका चढत गेला, नुसता ढोल. दादा हसून म्हणाला, “बास की रे.” रोहन स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होता. “दादा, थांबेना झालाय,” तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता, नळ बंद होत नाही असं सांगावं तसा. “हात थांबेना झालाय माझा.”

दादा उठून त्याचं मनगट धरायला गेला. काठी त्याच्या तोंडावर बसली. वरचा ओठ उभा फाटला. दादा वाकला तशी ती परत बसली, गालाच्या हाडावर, मग कानावर. रोहन रडत म्हणत होता, “मी न्हाई मारत, मी न्हाई मारत,” आणि मारत होता. विन्यानं त्याला मागून कवळ घातली. तिघं ड्रमसकट खाली आले. एक झांज स्टँडसकट दाराकडे घरंगळली. काठी मोडली तरी रोहनचा हात थांबेना. नुसत्या मुठीनं तो फरशीवर तोच ठेका मारत राहिला. फरशीवर रक्ताचे ठसे उठत होते आणि त्याच्यावरच पुन्हा मूठ पडत होती.

मी जागेवरून हलले नाही. हेडफोन काढायचंही सुचलं नाही.

म्हणून मला ऐकू आलं. गाडीचं दार आपटल्याचा आवाज. जवळून, माइकला लागून असावा तसा. रोहन किंचाळला. मध्ये दार उघडल्याची बारीक करकर... आणि दुसऱ्यांदा तोच आवाज.

त्यानंतर सगळं शांत झालं. रोहनचा हात फरशीवर पालथा पडला होता. त्याच्यावर काही नव्हतं, आजूबाजूलाही काही नव्हतं. दोन बोटं उलटी वळली होती.

काका धावत आले. “काय झालं?”

दादा तोंडावर टॉवेल दाबून म्हणाला, “स्टँड पडला त्याच्या हातावर.” स्टँड दाराशी होता. काकांनी एकदा स्टँडकडे बघितलं, एकदा रोहनकडे, आणि गाडी काढायला गेले.

नंतर मी जमेल तेवढं तपासलं. आमची गाडी बाहेर कुलूपबंद होती, चावी दादाच्या खिशात. काकांच्या गाडीला तोपर्यंत कोणी हात लावला नव्हता. सोमा त्या दुपारी कॅसलरॉकला होता, बहिणीला गाडीत बसवायला गेला होता. त्याला काहीच माहीत नव्हतं. दोन्ही आवाज फाइलमध्ये आहेत, पण फक्त ड्रमच्या ट्रॅकवर. दादाच्या माइकवर रोहनची किंकाळी आहे, दार नाही. तो माइक जेमतेम चार हातांवर होता. स्टुडिओतल्या माझ्या सरांना मी फाइल पाठवली, कुठली ते सांगितलं नाही. ते म्हणाले, ही जुनी व्हॅन आहे का? सोमाचा हात सापडला ती व्हॅनच होती. भूत म्हणावं तर सोमा जिवंत आहे. कुणाला काही कळत असेल तर सांगा, पण ती फाइल मागू नका.

एक सांगायचं राहिलं. त्याच संध्याकाळी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात आम्ही बसलो होतो. आत रोहनचा हात बांधत होते. डॉक्टरांनी एक्स-रे बघून सरळ विचारलं होतं, “दारात सापडला का?” दादानं हो म्हणून मान हलवली होती. त्याच्या ओठाला टाके पडले होते, गाल सुजून डोळा बंद झाला होता. तशातही तो एका हातानं मोबाइलवर नंबर शोधत होता. खानापूरला एक ड्रमर होता, लग्नांच्या बँडमध्ये वाजवणारा. सिरीजवाले थांबणार नव्हते.

फोन लागला. दादानं तोंड उघडलं, टाका ताणला, रक्त आलं. त्यानं फोन माझ्यापुढे धरला.

“तू बोल,” तो कसाबसा म्हणाला. “उद्या ये म्हण. साधं गाणं हाय म्हण.”

मी अनोळखी माणसाशी फोनवर बोलत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. कुरिअरवाल्याचा फोनसुद्धा आई घेते. पलीकडून तो ड्रमर हॅलो हॅलो म्हणत होता. मी फोन घेतला, उठून दोन पावलं बाजूला गेले. दादाला वाटलं रेंज बघते आहे.

“मी महेशची बहीण बोलते,” मी म्हणाले. “तुम्ही येऊ नका. आमच्या पहिल्या ड्रमरचा हात माझ्या भावानं मोडला. गाडीच्या दारात, दोनदा. मी बघितलंय.”