ओवाळणीची बॅटरी

कोकिळाबाई ढोले आर्वीत एकटी राहायची, आणि ते तिला आवडायचं. लहानपणीच्या तापात दोन्ही पाय गेले, पण देवानं हातांत काही कमी ठेवलं नव्हतं. बाजाराच्या पलीकडे तिचा शिवणवर्ग होता. हाताच्या मशीनवर ती मुलींना झबल्यापासून ब्लाउजपर्यंत सगळं शिकवायची. खोलीपासून वर्गापर्यंत ती हातानं फिरवायच्या तीनचाकी सायकलवर जायची. परतीच्या रस्त्यात कापसाच्या बाजाराजवळ एक चढ होता. वीस वर्षं तो चढ तिनं हातानं ओढला, आणि चाळिशीत उजव्या खांद्यानं हार मानली. डॉक्टरांनी सांगितलं, आता हँडल फिरवणं बंद.

भाऊ रूपराव गावाकडून धावत आला. "कोकी, आता घरी चाल. तुही वयनी हाय, मी हावो. काऊन एकटी हाल करून राह्यली?"

त्याच्या मायेत खोट नव्हती. पण कोकिळाच्या डोळ्यांपुढे गावची ओसरी यायची. दुसऱ्यानं आणून दिलेलं पाणी, दुसऱ्यानं सरकवलेला पाट, आणि दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याकडे पाहत बसणं. रोज सकाळी गणपतीपुढे दिवा लावताना ती एवढंच मागायची, की देवा, माझं जाणं-येणं माझ्या हाती राहू दे.

मग हिरालाल मिस्त्रीनं एक युक्ती काढली. भंगारातून त्यानं बॅटरीवर चालणारी एक मोटर मिळवली आणि सायकलच्या मागच्या चाकाला जोडून दिली. "बॅटरी कोणती लावाची, ते इचार करून सांगतो, बाई," तो म्हणाला. त्याचा विचार पुरा व्हायच्या आत भाऊबीज आली.

रूपराव त्या वर्षी ट्रॅक्टर घेऊनच आला. पाटावर बसला, कोकिळानं बसल्या बसल्या ओवाळलं, आणि दर वर्षीच्या लुगड्याऐवजी त्यानं पोत्यातून एक कोरी ट्रॅक्टरची बॅटरी काढून ताटाशी ठेवली. शोभाबाईनं, त्याच्या बायकोनं, घरून निघतानाच बॅटरीला हळदकुंकू लावलं होतं.

"एवढा मोठा ट्रॅक्टर एका झटक्यात उठवते," रूपराव म्हणाला. "तुह्या सायकलीचा काय पाड लागते?"

ओवाळणीत आलेल्या वस्तूला नको म्हणायची रीत नाही. कोकिळानं बॅटरीला नमस्कार केला. हिरालालनं ती पाहिली, मान खाजवली आणि म्हणाला, "बसवतो बाई. चालन. किती दिवस चालन, ते मात्र गणपतीले पुसा."

पहिले काही दिवस काय सांगावेत! सायकल अशी सुटायची की वर्गातल्या मुली दारात येऊन उभ्या राहायच्या. मग चढावर तिचा आवाज जड होऊ लागला. हिरालालच्या दुकानात रात्रभर भरलेली बॅटरी संध्याकाळी परतताना धापा टाकू लागली. आणि ऐन कापसाच्या हंगामात, गाड्यांची रांग बाजाराबाहेरपर्यंत आलेली असताना, कोकिळाबाईची सायकल चढाच्या मधोमध मुकाट उभी राहिली.

मागच्या गाडीवाल्या महादेवरावानं बैल थांबवले. "काय झालं, बाई?"

"दमली जी."

"पेंड चारत जा थोडी तिले," म्हणत तो खाली उतरला. माणूस चांगला होता. त्यानं दोरानं सायकल आपल्या गाडीमागं बांधली. वरून कापसाचे पुंजके डोक्यावर पडताहेत, पुढं बैल चाललेत, आणि मागं शिवणवर्गाच्या बाई. लोक हसले, तशी तीही हसली. खोलीत आल्यावर मात्र पदरावर बॅटरीतलं ॲसिड उडून पडलेली भोकं पाहून तिला रडू आलं.

हे दोनदा झालं, तीनदा झालं. रूपराव आठवड्याच्या आठवड्याला येऊन बॅटरी ट्रॅक्टरवर भरून आणायला लागला. एकदा तिच्याकडे न पाहता म्हणाला, "एवढी लोखंडासारखी बॅटरी कटाळली, मंग तुह्या खांद्याचं काय? कोकी, आता हट्ट सोड."

"संक्रांतीनंतर पाहू, दादा," ती म्हणाली. साफ नाही म्हणण्याऐवजी इतकं तरी ती पहिल्यांदाच बोलली होती. तो गेल्यावर तिला आपलेच शब्द टोचत राहिले.

दुसऱ्या दिवशी तिनं हिरालालला धरलं. "खरं सांगा मिस्त्री, दोष मोटरचा हाय का बॅटरीचा?"

"बॅटरीचा बी नाई, बाई. ती ट्रॅक्टरच्या कामाले चांगली हाय." त्यानं कोपऱ्यातली एक फुटकी ट्रॅक्टरची बॅटरी ओढली आणि आतल्या प्लेटा दाखवल्या. पापडासारख्या पातळ. "हिचं काम एकदा जोर लावाचं. इंजिन सुरू झालं की तेच हिले परत भरते. तुमच्या सायकलीले इंजिन कुठं हाय? तुमी तिले पार रिकामी करता, मंग भरता, रोज. अशानं ह्या प्लेटा झडतात. तुमाले जाड प्लेटांची पाह्यजे. झटका देत नाई, पण तासनतास धीरानं देते. वर्ध्याले माणिकभाऊ बांधून देते तशी."

"मंग भाऊबिजेलेच काऊन नाई बोलले?"

"ओवाळणीच्या ताटापुढं मी काय बोलू?"

कोकिळाला ते लगेच पटलं. ब्लाउजच्या दोऱ्यानं गोधडी शिवायला बसणाऱ्या मुली तिनं कमी पाहिल्या नव्हत्या. पहिल्या दिवशी टाका छान दिसतो, आणि चार वेळा अंगावर घेतली की उसवतो. जाड प्लेटांची बॅटरी वजनानं जास्त, म्हणजे सीटखाली अगदी बुडाशी ठेवावी लागणार, आणि मधे लाकडी पेटी, म्हणजे ॲसिड लुगड्यावर उडणार नाही. सगळं ठरलं. राहिलं ते भावाला सांगणं.

संक्रांतीला रूपराव आणि शोभाबाई तिळगूळ घेऊन आले. रूपरावानं आल्या आल्या विचारलं, "सामान बांधू?"

"दादा, तुही बॅटरी ह्या सायकलीची नोहे," ती म्हणाली. "मले दुसरी पाह्यजे, जाड प्लेटांची. वर्ध्याले माणिकभाऊ बांधून देते."

तो कितीतरी वेळ हातातला तिळगूळ चोळत राहिला. "ओवाळणी वापस करतं, कोकी? कोण करते असं?"

उत्तर दिलं ते शोभाबाईनं. "वापस कोण करून राह्यलं? माह्या मायनं देल्ल्या पाटल्या मोडून मी बांगड्या केल्या, तं मायचं देणं बुडलं काय? ह्या बॅटरीतलं शिसं तेथंच गाळू द्या. त्याच्याच जाड प्लेटा होतीन. ओवाळणी तुमचीच राह्यते, घडण तेवढी बदलते."

चार दिवसांनी ट्रॅक्टर घेऊन बॅटरी वर्ध्याला नेणारा रूपरावच होता. माणिकभाऊच्या दुकानापुढं तो शिसं वितळेपर्यंत उन्हात उभा राहिला. आपलंच शिसं साच्यात पडताना त्यानं डोळ्यांनी पाहिलं, आणि थोडं कमी पडलं ते दुकानातलं घालू दिलं.

नव्या बॅटरीवर सायकल निघाली ती सावकाश. सुसाट सुटणं नाही की झटका नाही. मुली दारात आल्या आणि कंटाळून आत गेल्या. संध्याकाळी परतताना चढ लागला. रूपराव शेजारून चालत होता, हात सीटच्या पाठीवर.

"हात काढ, दादा."

"असू दे."

"काढ म्हणते ना."

त्यानं हात काढला. सायकलीचा आवाज किंचित जाड झाला, तेवढाच. कापसाच्या गाड्यांच्या बाजूनं ती आपल्याच चालीनं वर चढली, आणि माथ्यावर पोचून कोकिळानं मागं पाहिलं. रूपराव अर्ध्या चढावर कमरेला हात लावून श्वास घेत होता. तिनं वाट पाहिली. तो जवळ आला, कपाळ पुसलं आणि सायकलीच्या सीटखाली वाकून पेटी हलते का ते उगाच चाचपून पाहिलं.

"मंग सणासुदीले तरी येजो," तो म्हणाला. "पाव्हणी म्हणून."

"येईन ना. पण वर्ग सुटल्यावर."

"तं तसं," रूपराव म्हणाला, आणि दोघं खोलीच्या वाटेला लागली.