चवीची वही

आमच्या गावच्या शाळेत दयाबाई भिंगारदिवे बारा वर्षांपासून पोरांना जेवण रांधते. शेवगावहून आमच्या गावाला यायला वीस मिनिटं लागतात, रस्ता बरा असेल तर. शाळेत अठ्ठावन्न पोरं, स्वयंपाकाला दोघी: दया आणि लंकाबाई. एवढ्या वर्षांत दयाच्या हातची खिचडी कधी करपली नाही. तिची सही बघून गुरुजी पुढचं काही बघत नसत. त्या शुक्रवारी सगळं अडलं ते तिथेच.

स्वयंपाकखोलीत लोखंडी कपाट आहे. त्याच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलेली एक ओळ असते. रविवारी शेवगावच्या चर्चमध्ये पाळकसाहेब जे वचन समजावून सांगतात, त्यातलं एक दया उचलून आणते, सोमवारी दारावर लिहिते आणि शनिवारपर्यंत तसं वागून बघते. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "वैनी, वचन नुसतं ऐकून ठिवलं तर पेटीतल्या लुगड्यावानी त्याला कसर लागती. नेसायला काढावं लागतं."

लंकाबाईला याची मोठी गंमत. जिभेला आवर घालायचं वचन दारावर आलं त्या आठवड्यात ती म्हणाली, "म्हंजी शनवारपतोर तुला उलटं बोलता येत न्हाई? मग ऐक." आणि पाच वर्षांची गाऱ्हाणी तिने सहा दिवसांत ऐकवली. दया गप्प. सोमवारी दार पुसून नवं वचन लिहिलं आणि मगच एकेकाचं उत्तर दिलं.

यंदा फेब्रुवारीत लेंटचे दिवस सुरू झाले. ईस्टरच्या आधीचे हे चाळीस दिवस. दर शुक्रवारी संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत काही खायचं नाही, असं दयाने यंदा पहिल्यांदाच ठरवलं. त्या रविवारचं वचन उपासाचंच होतं: उपास करशील तेव्हा तोंड पाडून फिरू नकोस, तोंड धू, डोक्याला तेल लाव, तुझ्या स्वर्गातल्या बापाशिवाय कोणाला कळू देऊ नकोस. दयाला ते फार आवडलं. पहिल्या शुक्रवारी ती तेल लावून, चापूनचोपून वेणी घालून आली.

"कुनाच्या लग्नाला निघालीस?" लंकाबाई म्हणाली.

"तुज्या," दया म्हणाली, आणि पातेल्याकडे वळली.

अडचण साडेबाराला आली. शाळेत चवीची वही असते. पोरांना वाढण्याआधी अर्धा तास स्वयंपाकिणीने आणि गुरुजींनी जेवण चाखायचं आणि वहीत सही करायची. काही झालंच तर त्या अर्ध्या तासात कळावं म्हणून. दया पेन धरून उभी राहिली. चाखलं नाही असं सांगावं तर का ते सांगावं लागणार, आणि उपास चारचौघांत येणार. तिने सही केली. खोटं लिहिते असं तिला वाटलंच नाही. उपास झाकते असं वाटलं. खाली मुख्याध्यापक रविराज सरांनी, "दयाबाईंची आहे ना?" म्हणत सही मारली. दुसऱ्या शुक्रवारीही तसंच झालं.

तिसऱ्या शुक्रवारचं मी सांगते ते त्या दोघींनी मला वेगवेगळं सांगितलेलं आहे. दोघींचं सांगणं जुळलं.

पावणेदोनला पोरं जेवून पटांगणात पांगली होती. दया मोठं पातेलं घासायला बसली. तळाला चिकटलेली खिचडी उलथण्याने सोडवताना एक चिंधी वर आली. हिरवी, गाठ मारलेली, आत काही नाही. तिने ती धुतली आणि ओळखली. लंकाबाईच्या जुन्या लुगड्याची होती.

"लंके, हे काय?"

लंकाबाई मिश्री लावत बसली होती. तिने बघितलं आणि तिचं बोट दातावरच थांबलं. डाळीला किडे लागत होते म्हणून तिने घरातली पांढरी पावडर चिंधीत बांधून डाळीच्या पोत्यात घातली होती. सकाळी डाळ काढली तेव्हा नळाला पाणी आलं, ती घाईत धुऊन मोकळी झाली. पुरचुंडी डाळीबरोबर गेली. शिजताना पावडर सगळ्या खिचडीत उतरली.

"कसली पावडर?"

"डब्यातली. दुधाच्या पावडरीचा डबा हाय, चिठ्ठी निघालेला." मग हळूच म्हणाली, "आमचं मालक कपाशीच्या फवारनीची औषधं त्याच फळीवर ठिवत्यात."

एंजल, दयाची दुसरीतली नात, जेवली होती. माझा मुलगा समर्थ जेवला होता.

"तू चाखलीस ना?" लंकाबाई म्हणाली. "मला तर नेहमीवानीच लागली. पर माज्या तोंडाला मिश्रीनं कुठं काय कळतंय. तू चाखलीस तर झालं की."

दयाने ओली चिंधी पिळली.

"दया?"

"आज शुक्रवार हाय. उपास हाय माजा."

बाहेर पोरांची आरडाओरड चालू होती. मग लंकाबाई उठली आणि चिंधीला हात घातला. "उकिरड्यात टाकू. पोरं बघ कशी उड्या मारत्यात. काय झालं असतं तर आतापतोर झालं असतं. सांगितलं तर दोघींबी घरी बसू. आन तुमचं एकच घर गावात. लोक काय म्हनतील, तुला ठावं न्हाई?"

दयाला ठाऊक होतं. ती म्हणते, मी चिंधी सोडली होती, खोटं कशाला बोलू, क्षणभर सोडली होती. कपाट उघडंच होतं. दारावर त्या आठवड्याची ओळ होती: होय तर होय म्हणा, नाही तर नाही. सोमवारी तिनेच लिहिली होती, आणि साडेबाराला तिनेच त्या दाराशी उभं राहून सही केली होती. तिने चिंधी परत घेतली आणि सरांच्या खोलीत गेली.

सरांनी ऐकलं आणि आधी वही ओढली. "पण तुम्ही चाखली होती ना?"

"न्हाई. तीन शुक्रवार न्हाई. उपास हाय माजा. सही खोटी हाय."

सरांनी तिच्या सहीखालच्या आपल्या सहीकडे बघितलं. त्यांनीही चाखली नव्हती. मग त्यांनी फोन उचलला.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाई वीस मिनिटांत आल्या. पोरांना ओटीवर ओळीने बसवलं. टॉर्च मारून डोळे बघितले, नाडी बघितली. त्यांचा एकच प्रश्न होता: पावडर कोणती? किड्यांची साधी असेल तर पोटावर भागेल. फवारणीची असेल तर एक मिनिट न घालवता नगरला. त्यांनी नगरहून दोन गाड्या मागवल्या, त्या पोचायला दोन तास होते. लंकाबाईचा नवरा पुंजाराम शेवगावच्या बाजारात गेला होता. फोन लावला की त्यातली बाई सांगायची, संपर्क क्षेत्राबाहेर.

मी धावत पोचले तोवर निम्मं गाव पटांगणात होतं, आणि दयाच्या उपासाचं सगळ्यांना कळलं होतं. समर्थ मला बघून म्हणाला, "आई, मला काहीच होत नाहीये. मी कबड्डी खेळायला जाऊ?" मी त्याच्या कपाळाला हात लावला. माझाच हात गार पडला होता, त्यामुळे काही कळेना.

तेवढ्यात एंजल ओकली. मग तिच्या शेजारचा, मग आणखी तिघं. आई-बाप पुढे सरकले. अजिनाथ, ज्याची दोन पोरं ओटीवर होती, दयासमोर येऊन उभा राहिला. आवाज चढवला नाही त्याने.

"दयाबाई, तुमचा देवधर्म तुमच्या घरी. तो आमच्या पोरांच्या ताटात का आला?"

सगळे तिच्याकडे बघत होते. दया एंजलचं तोंड पदराने पुसत होती.

"चुकलं माजं," ती म्हणाली. "मी चाखायला पायजे हुतं."

एवढंच. लंकाबाईचं नाव तिने घेतलं नाही. तेव्हा लंकाबाई मागून पुढे आली, डोक्यावरचा पदर सावरत, आणि चिंधी आपली असल्याचं तिने स्वतः सांगितलं. मग ती पायरीवर बसली.

चार वाजून दहा मिनिटांनी पुंजारामचा फोन आला. सरांनी स्पीकर लावला.

"ती व्हय? ती कॅरमची बोरिक पावडर हाय. मंडळातनं आनलेली. औषधं मी दिवाळीलाच माळ्यावर टाकली. का, काय झालं?"

डॉक्टरबाई म्हणाल्या, तीही पोटात जायची वस्तू नव्हे, पण जिवावरचं टळलं. अजून ओकाऱ्या होतील, पोरं नजरेआड करू नका. ओकलेल्या पाचांना त्या बरोबर घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी पाचही परत आली.

सोमवारी शाळा समिती बसली. मी पालकांतर्फे समितीत आहे. दयाने न चाखता केलेल्या सह्यांच्या तीन तारखा सांगितल्या, न विचारता. रविराज सरांनी आपल्या तारखा सांगितल्या, त्या तिच्याहून बऱ्याच जास्त होत्या. दोघींना ठेवावं की काढावं यावर दोन तास गेले. शेवटी रंगुबाई, जिचा नातू त्या पाचांतला, म्हणाली, "तिनं सांगितलं म्हनून आपल्याला कळलं. न सांगनारी आनून काय करता?" महिनाभर बघू, असं ठरलं. तरी अकरा घरांनी पोरांबरोबर डबे धाडायला सुरुवात केली.

पुढच्या शुक्रवारी मी मुद्दाम गेले. साडेबाराला दयाने चमचाभर खिचडी तोंडात टाकली, सरांनी टाकली, मग दोघांनी वहीत सह्या केल्या.

"आन उपास?" लंकाबाईने विचारलं. तिने पोरं जेवेपर्यंत मिश्री सोडली होती आणि त्यामुळे सगळ्यांवर खेकसत होती.

"चमचाभर मोडला. संध्याकाळी सांगन त्याला."

मग दया पायरीवर बसली, पोटावर हात ठेवून, भिंतीवरच्या घड्याळाकडे तोंड करून. बारा वर्षं तिने हा अर्धा तास भांडी विसळण्यात घालवला होता. आता ती काही करत नाही, कोणाशी बोलत नाही. पोरं ताटं घेऊन रांगेत उभी असतात, डबेवाली पोरं बाजूला.

एंजल जवळ येऊन म्हणाली, "आजी, दुखतंय का?"

"न्हाई गं. बघतीय."

भूक लागलेली पोरं ताटं वाजवतात, सर घड्याळ बघतात, लंकाबाई चडफडते. एक वाजल्याशिवाय दया झाकण उचलत नाही.